यातलं कुठलं विद्यापीठ चांगलं?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात यंदा बारावी झालेलं पोर आहे, त्यातही पोरगी आहे, त्यांनी वेळ काढून वाचा. बाकीच्यांनी नाही वाचली तरी चालेल, पण ओळखीत असं घर असेल तर तिथपर्यंत पोचवा.

गेल्या महिन्यातली, म्हणजे जून २०२५ मधली गोष्ट. माझा मावसभाऊ डोलवीच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे फिटर आहे. गुरुवारी पहिली पाळी सुटल्यावर तो घरी न जाता थेट वडखळ नाक्यावर आला. पाऊस असा की अलिबागच्या फाट्यावर समोरचा ट्रक दिसत नव्हता. त्याच्या हातात पिशवीत गुंडाळलेली दोन जाडजूड माहितीपत्रकं आणि आमच्या पेपरची मे महिन्यातली ‘करिअर विशेष’ पुरवणी. टपरीच्या बाकड्यावर त्याने तिन्ही वस्तू मांडल्या आणि म्हणाला, “दादा, तू पेपरवाला. तूच सांग, यातलं कुठलं चांगलं?”

एक विद्यापीठ मुंबईच्या बाजूचं, एक पुण्याच्या बाजूचं. दोन्ही खाजगी. नावं देत नाही, कारण नाव दिलं की खाली त्या नावावरच भांडण सुरू होतं आणि मुद्दा राहून जातो. शिवाय दोघांनीही कायद्याच्या बाहेर काही केलेलं नाही. जे झालं त्यात माझा हात किती, ते पुढे येईलच.

पोरगी पेणला सायन्सला होती. सीईटीला ८४ पर्सेंटाईल. तिला कॉम्प्युटर पाहिजे, त्यातही ‘एआय अँड डेटा सायन्स’. बापाचा पगार २७ हजार, कापून हातात येतो तो त्याहून कमी. आई घरी पोह्याचे पापड लाटून पेणच्या व्यापाऱ्याला देते. वर्षाचं सगळं मिळून चार लाखांच्या आत-बाहेर. आणि महामार्गापासून थोडं आत वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा. त्यातले तीन गुंठे विकायचे ठरलेले होते. घेणारा पनवेलचा. शनिवारी इसार घ्यायचा होता. म्हणजे माझ्याकडे दोन दिवस होते, पण ही गोष्ट तेव्हा मला त्याने सांगितलीच नव्हती. तो फक्त ‘कुठलं चांगलं’ एवढंच विचारत होता.

मला असं कुणी काही विचारलं की बरं वाटतं, हे कबूल करतो. लोक पत्रकाराला रस्ता कधी होणार, पाणी कधी येणार हेच विचारतात. मुंबई-गोवा महामार्गावर मी चौदा वर्षं बातम्या लिहितोय, त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण दोन विद्यापीठांची तुलना करणं हे काम मला जमण्यासारखं होतं. म्हटलं, माहितीपत्रकं ठेवून जा, उद्या रात्री घरी येतो.

रात्री बसलो. पहिल्याच पानावर गंमत. दोघांचीही पहिल्या वर्षाची शिक्षण फी सारखीच दिसत होती, दोन लाख चाळीस हजार.

मग बारीक टाइपातलं वाचलं. मुंबईकडच्याचे २ लाख ४० हजार हे मूळ शुल्क, त्यावर दरवर्षी ५ टक्के वाढ. चार वर्षांचं शिक्षण शुल्कच होतं १० लाख ३४ हजार. विद्यापीठाची बस वर्षाला ४८ हजार, कारण त्या जागेला एसटी धड जात नाही. परीक्षा शुल्क वर्षाला १२ हजार. सुरुवातीचे एकदाच भरायचे ३० हजार. बेरीज १३ लाख ४ हजार.

पुण्याकडच्याचं मूळ शुल्क ३ लाख २० हजार होतं. त्यावर ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’ म्हणून २५ टक्के सूट, म्हणून २ लाख ४० हजार. ही सूट पुढे चालू राहायची तर दरवर्षी सीजीपीए ८ च्या वर पाहिजे. वसतिगृह आणि मेस वर्षाला १ लाख ४० हजार. सूट चारही वर्षं टिकली तर १५ लाख २० हजार. दुसऱ्या वर्षीच गेली तर १७ लाख ६० हजार. पहिल्या वर्षाला इंजिनीअरिंगच्या गणितात किती जणांचे आठ टिकतात, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आणि ज्या सुटीला विद्यापीठ स्वतःच शिष्यवृत्ती म्हणतं, ती म्हणजे आधी वाढवून लावलेल्या छापील किमतीवरची सूट आहे की खरंच कुणाच्या गुणांचा मान आहे, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नाही. साडीच्या दुकानात आपण हे लगेच ओळखतो. इथे ओळखत नाही, कारण कागदावर पोरीचं नाव छापून येतं आणि वर ‘अभिनंदन’ लिहिलेलं असतं.

एवढा झाला खर्च. मग मोबदला. हा भाग जास्त अवघड, कारण खर्च आकड्यांत असतो आणि मोबदला फोटोंत. मुंबईकडच्या पत्रकात ‘सर्वोच्च पॅकेज ४४ लाख’ असं अर्ध्या पानावर. एका मुलाला ४४ लाख मिळाले तर बाकीच्यांना किती, हा प्रश्न विचारायला पत्रकारिता लागत नाही, पण उत्तर शोधायला थोडी चिकाटी लागते. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत जी संस्था भाग घेते तिला आपली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यात किती मुलं वेळेत पदवीधर झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार किती, असे रकाने असतात. मध्यम पगार म्हणजे सरासरी नव्हे. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोब्बर मधल्या माणसाचा पगार. ४४ लाखवाल्या एकट्याने तो आकडा हलत नाही. मुंबईकडच्याच्या तक्त्यात हा आकडा ४ लाख २० हजार निघाला. पुण्याकडच्याने भागच घेतलेला नव्हता, त्यामुळे तिथे फक्त फोटो.

नॅकचं म्हणाल तर दोघांकडेही वरची श्रेणी. पूर्वी मी ती पाहून निर्धास्त व्हायचो. पण यंदा फेब्रुवारीत आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या मूल्यांकनात लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी पथकातल्या लोकांना अटक केली, तेव्हापासून श्रेणी बघतो, पण तेवढ्यावर थांबत नाही.

दोन्हीकडच्या एकेका माजी विद्यार्थ्याशी फोनवर बोललो. मुंबईकडचा म्हणाला, शिकवतात ठीक, हजेरीचा त्रास देतात, मास्तर दर वर्षाला बदलतात. पुण्याकडचा म्हणाला, लॅब छान आहेत, मित्र चांगले मिळाले, नोकरी मी माझी शोधली. दोघंही प्रामाणिक वाटले. यापेक्षा जास्त कुणी सांगतही नाही. आपण ज्याचे पंधरा लाख मोजले ते वाईट होतं असं म्हणायला मोठं धैर्य लागतं.

माझंच सांगतो. मी २००३ साली पत्रकारितेची पदविका केली. फी किरकोळ होती, तरी वडिलांनी ती दोन हप्त्यांत भरली. तिथे मी बातमीचा उलटा पिरॅमिड शिकलो. तहसील कचेरीत कुठल्या टेबलावर कुठला कागद अडतो हे एका म्हाताऱ्या वार्ताहराने शिकवलं, तेही चहावर. पण कुणी विचारलं तर मी ‘डिप्लोमा चांगला होता’ असंच सांगतो.

तर शुक्रवारी रात्री कागद घेऊन मावसभावाकडे गेलो. वहिनीने चहा ठेवला. मी एखाद्या चर्चासत्रात बोलावं तसा बोलत होतो. निष्कर्ष असा काढला होता की शिक्षण पुण्याकडचं जरा सरस वाटतं, पण खर्च पाहता मुंबईकडचं परवडेल. मग कर्जाचं गणित मांडलं. शैक्षणिक कर्जाला साधारण साडेसात लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, वर गेलं की मागते. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, त्यात तारण आणि जामीन दोन्ही लागत नाही, पण मंजुरीच्या वेळी ती निवडक ८६० संस्थांपुरतीच होती आणि ही दोन्ही विद्यापीठं त्या यादीत नव्हती. दरवर्षी अडीच लाख असं चार वर्षांत १० लाख उचललं, साडेदहा टक्के सरळ व्याज धरलं आणि शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष थांबलं, तर हप्ते सुरू होताना डोक्यावर १३ लाख ६७ हजार असतील. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला साडेअठरा हजारांच्या आसपास. आणि मधला पगार ४ लाख २० हजार म्हणजे कापाकापी न धरता महिन्याला ३५ हजार. पोरीने पहिली दहा वर्षं निम्मा पगार बँकेत भरायचा.

मावसभाऊ शांत होता. म्हणाला, “पण दादा, कर्ज घ्यायचं कशाला? पहिल्या वर्षाचे भरतो मी. मग ते परत येतातच ना.”

मी म्हटलं, कुठून परत येतात?

“महाडीबीटीवर. पोरींना फुकट आहे ना आता. तूच छापलंस की.”

वहिनी उठली, कपाटातून घडी घातलेलं कात्रण आणलं. जुलै २०२४ चं. ‘मुलींना आता उच्च शिक्षण मोफत’. चार कॉलमी मथळा, खाली माझी बायलाइन. पोरगी तेव्हा अकरावी संपवून बारावीत गेली होती, म्हणून वहिनीने जपून ठेवलं होतं.

मुलगी तोवर दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “काका, मी दोघांच्याही वेबसाइटवर शोधलं. कुठे दिसत नाही. माझ्या मैत्रिणीला गेल्या वर्षी कॅपमधून नवी मुंबईला मिळालं, तिला लागू झालं. इथे कसं होतं?”

मी फोनवर जीआर उघडला. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. मी तो बातमी लिहिताना वाचलेला होता. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पन्नासऐवजी शंभर टक्के लाभ. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित कॉलेजं, सार्वजनिक विद्यापीठं अशी लांबलचक यादी, आणि त्या यादीच्या पोटात एक कंस. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून.

बातमीत मी तो कंस घेतला नव्हता.

कारण सांगतो, सबब म्हणून नव्हे. जागा कमी होती. सरकारने वर्षाला सुमारे ९०६ कोटींचा जादा भार उचलला हा आकडा घ्यायचा होता, मंत्र्यांचं वाक्य घ्यायचं होतं. कंसातला मजकूर तांत्रिक वाटला. वाचकाला काय करायचंय, कोण अभिमत आणि कोण स्वयंअर्थसहाय्यित, असं वाटलं.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. मावसभावाने जी पुरवणी आणली होती, त्यात ‘कोणतं विद्यापीठ निवडाल?’ हा लेखही माझाच. त्यात ज्या पाच विद्यापीठांचा उल्लेख होता त्या पाचांच्या जाहिराती त्याच पुरवणीत होत्या, त्यातली अर्ध्या पानाची एक मी आणलेली. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचे मिळतात ते पेट्रोललाही पुरत नाहीत. जाहिरातीवर १५ टक्के कमिशन मिळतं. ४० हजारांची जाहिरात, माझे ६ हजार. मे-जून हा आमचा सुगीचा हंगाम. लोणेऱ्याचं सरकारी विद्यापीठ अर्धं पान घेत नाही, म्हणून ते माझ्या लेखात नव्हतं. कुणी मला ‘त्यांचं नाव घालू नको’ असं सांगितलं नाही. मीच घातलं नाही, आणि घालत नाहीये हे मला जाणवलंही नाही.

म्हणजे झालं काय, तर त्या माणसाने माझी एक बातमी वाचून धरलं की फी परत येते, माझा दुसरा लेख वाचून दोन विद्यापीठं निवडली, आणि मग तुलना करायलाही माझ्याकडेच आला. मी दोन रात्री बसून दोघांचा हिशोब पैशापर्यंत लावला. पण दोघंही एकाच कंसात आहेत, हे पाहिलं एका अठरा वर्षांच्या पोरीने.

मुंबईकडच्याला त्याने मे महिन्यातच २५ हजार भरलेले होते. ‘अर्ली बर्ड’ची शेवटची तारीख ३१ मे. सीईटीचा निकालही लागायचा होता तेव्हा. तिथल्या काऊन्सिलरला त्याने सरकारी योजनेचं विचारलं होतं. “ते नंतर बघू, आधी सीट ब्लॉक करा” असं उत्तर मिळालं. यात खोटं काही नाही. नंतर बघितलंच असतं, आणि नाही असं सांगितलं असतं. तेव्हा पहिल्या वर्षाची फी भरून झालेली असती आणि तीन गुंठे गेलेले असते. जमिनीचं मला त्या रात्री कळलं, वहिनीने सांगितलं तेव्हा.

आता थोडं मागचं, कारण हा कंस आभाळातून पडलेला नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. आपली पोरं कर्नाटकात डोनेशन भरून शिकत होती, ती इथे शिकतील असा हिशोब. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. मग सर्वोच्च न्यायालयात खटले. २००२ चा टी. एम. ए. पै, २००५ चा आपल्या पुण्याचाच पी. ए. इनामदार. त्यातून असं ठरत गेलं की संस्था खाजगी असली तरी नफेखोरी आणि डोनेशन चालणार नाही. आज आपल्याकडे अशा विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रवेश कॅपमधून होतात, त्याला २०१५ चा कायदा आहे. ही घडी बसायला तीस-बत्तीस वर्षं लागली.

आणि ती बसत होती तेव्हाच शेजारी दुसरं दार उघडलं. छत्तीसगडने २००२ चा कायदा करून खाजगी विद्यापीठांना असं मोकळं सोडलं की बघता बघता ११२ झाली, कित्येकांना इमारतही नव्हती. प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये ती सगळी रद्द झाली. महाराष्ट्राने तसं केलं नाही. इथे प्रत्येक विद्यापीठासाठी विधिमंडळात वेगळा कायदा होत गेला. आपल्या जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातल्या भाताणला ॲमिटी आलं ते २०१४ च्या कायद्याने, राज्यातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी. नंतर जुनी नावाजलेली कॉलेजंही तिकडे वळली. पुण्याचं एमआयटी १९८३ चं, ते २०१७ मध्ये वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटी झालं. सोमय्या इंजिनीअरिंगही १९८३ चं, २०१९ मध्ये सोमय्या विद्याविहार विद्यापीठात गेलं. अभ्यासक्रम स्वतः ठरवता येतो, मुंबई विद्यापीठाच्या निकालाची वाट बघत बसावं लागत नाही, हे त्यांचे मुद्दे खोटे नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या निकालाचा घोळ ज्यांनी भोगलाय त्यांना ते पटेल. पण कॉलेजचं असं विद्यापीठ झालं की त्या जागा कॅपच्या यादीतून जातात, आणि कॅपबरोबर ही फीमाफीही जाते. ज्या बाकावर पूर्वी पेण-रोह्याची ओबीसी पोरगी सरकारी खर्चाने बसू शकत होती, तो बाक तिथेच आहे. भाडं बदललं.

यात सरकारचंही वाईट होत नाही. प्रतिपूर्तीचे पैसे थकले म्हणून कॉलेजं ओरडतात, त्यातली काही विद्यापीठं होऊन बाहेर पडली तर तेवढी थकबाकी कमी. मोफत शिक्षणाची घोषणाही उभी, आणि मोफत नसलेल्या जागाही वाढतात. हे माझं मत आहे. पटलं नाही तर खाली लिहा, पण सभ्यपणे.

लोक विचारतील, मग खाजगी विद्यापीठात कुणी जायचंच नाही का? मी तसं म्हणत नाही. उत्पन्न आठ लाखांच्या वर आहे, मुलगा खुल्या प्रवर्गातला आहे, कॅपमध्ये पाहिजे ती शाखा लागत नाही आणि घरात पैसा आहे, तर दोन खाजगी विद्यापीठांची तुलना खुशाल करा. नीट करा. चार वर्षांची बेरीज करा, पहिल्या वर्षाची नको. सूट कुठल्या अटीवर टिकते ते लेखी घ्या. सर्वोच्च पॅकेज सोडून मधला पगार मागा. एका शनिवारी न सांगता जाऊन कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पोरांशी बोला. ओबीसी मुलाला कॅपमध्ये निम्मी फी माफ आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींना प्रतिपूर्ती आहे, त्यांनी हा हिशोब वेगळा मांडावा. आणि ज्यांच्या पोरीला जीआर लागू आहे त्यांनी दोन रकान्यांच्या तक्त्यात तिसरा रकाना काढल्याशिवाय कुणाला एक रुपया देऊ नये.

तो तिसरा रकाना आम्ही त्याच रात्री भरला. पनवेल-नवी मुंबई पट्ट्यातलं कॅपमधलं एक मध्यम कॉलेज घेतलं. ठरलेली फी वर्षाला १ लाख ३० हजारांच्या घरात. त्यातलं शिक्षण शुल्क सुटतं. विकास शुल्क सुटत नाही, ते १६ हजार धरलं. पेणहून मेमूचा विद्यार्थी पास, पुढे रिक्षा, पुस्तकं, सगळं धरून वर्षाला ४० हजारांच्या आत. चार वर्षांचे १ लाख ६० हजार. मावसभावाने आकडा दोनदा वाचला. मग मुंबईकडच्याच्या १३ लाखांवर बोट ठेवलं आणि काही बोलला नाही.

सगळं गोड नाही. ८४ पर्सेंटाईलला एआय मिळेलच असं नाही. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या कायद्याने झालेलं, आपल्याच जिल्ह्यातलं, माणगावच्या पुढे महामार्गालगत. तिथे कॉम्प्युटर नाही लागलं तर केमिकल, पेट्रोकेमिकल मिळू शकेल. बाप म्हणतो, नागोठण्यापासून रसायनीपर्यंत कारखानेच आहेत, घे की. ती म्हणते, बाबा, त्या कारखान्यात तुम्ही अठरा वर्षं कंत्राटीच आहात. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. मेमू दिवसातून मोजक्या, एक चुकली की दोन तास गेले, आणि संध्याकाळी पोरगी पेण स्टेशनवरून वडखळला कशी येणार ही आईची काळजी. विद्यापीठाची बस दारातून नेते, हेही एक मूल्य आहे, ते ४८ हजारांत मोजलेलं असलं तरी. आणि काही कॉलेजं ‘आधी पूर्ण भरा, सरकारचे आले की देऊ’ म्हणून अडवतात अशा तक्रारी आहेतच. तसं कुणी म्हणालं तर जीआरची प्रत घेऊन जा आणि लेखी मागा.

कागद आत्ताच बघा. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल. वैधतेचा अर्ज केला नसेल तर आज करा, पावती सांभाळा. दर वर्षी पेण तहसीलला जुलैत जी रांग लागते तिचा फोटो मी छापतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा छापतो.

त्या २५ हजारांचं. यूजीसीने २०२४-२५ च्या प्रवेशांसाठी पत्रक काढलं होतं, ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापायचे. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, हेही यूजीसीचंच. त्याचा आधार घेऊन मेल पाठवला आहे. ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं उत्तर आलंय. पैसे अजून आलेले नाहीत.

आमच्या डेस्कला मी फोन केला. म्हटलं, गेल्या वर्षीच्या बातमीतला एक मुद्दा राहिलाय, खुलासा देऊ या, लहान चौकट चालेल. तिकडून विचारलं, वर्ष झालं की, आता कशाला? मी म्हटलं, आता प्रवेश सुरू आहेत म्हणून. ते म्हणाले, प्रवेश सुरू आहेत म्हणूनच म्हणतो. जाहिरातवाल्यांचा हंगाम आहे, ऑगस्टमध्ये बघू. हे ‘बघू’ ऐकल्यावर मला काऊन्सिलर आठवला. म्हणून इथे लिहितोय. माझ्या बायलाइनखाली जे राहिलं ते माझ्या नावाने इथे तरी असावं.

कॅपचे पर्याय भरायचे दिवस आलेत. पोरगी रोज संध्याकाळी यादी वरखाली करते. लोणेरे कधी तिसऱ्या नंबरला असतं, कधी पहिल्या. आईला पनवेल वर पाहिजे. परवा मावसभाऊ नाक्यावर भेटला, म्हणाला, जमिनीवाला अजून फोन करतो, भाव वाढवून देतो म्हणतो. मी विचारलं, मग? तो म्हणाला, राऊंड लागू दे. पाऊस कमी होता, चहा घेतला आणि तो दुसऱ्या पाळीला गेला.